एकच विमान सगळं करतं, मग बाकीची कशाला?

आमच्या वाडीतला एक मुलगा मालवणच्या पॉलिटेक्निकला आहे. ४ डिसेंबर २०२३ ला तारकर्लीच्या किनाऱ्यावर नौदल दिनाची प्रात्यक्षिकं झाली, तेव्हा मिग-२९के त्याच्या डोक्यावरून गेलं आणि तेव्हापासून त्याच्या मनात विमानाशिवाय दुसरं काही नाही. परवा तो तीन प्रश्न घेऊन आला. "काका, बहुउद्देशीय लढाऊ विमान म्हणतात त्याचा खरा फायदा काय? तोटा काय? आणि आपल्या नौदलाला राफेल आल्यावर त्या एकाच जातीच्या विमानावर सगळं भागेल का?" तोंडी सांगितलं ते अर्धवट राहिलं, म्हणून नीट लिहून काढतो आहे.

मी नौदलाच्या हवाई शाखेत तंत्रज्ञ होतो. नोकरीतली बरीचशी वर्षं दाबोळीच्या आयएनएस हंसा या नौदलाच्या हवाईतळावर आणि विराट या विमानवाहू जहाजाच्या डेकवर सी हॅरियरच्या पोटाखाली वाकून गेली, शेवटी शेवटी मिग-२९के हाताखाली आलं. मी विमान उडवलेलं नाही, उडण्याजोगं ठेवलेलं आहे. त्यामुळे माझं उत्तर जमिनीवरून, पान्याच्या बाजूने दिलेलं आहे.

आपल्याकडच्या विळीला, म्हणजे आडाळ्याला, पुढे खवणी असते. त्याच आडाळ्यावर आई मासे कापते आणि नारळही खवते. दोन अवजारांची जागा वाचते, पैसे वाचतात, बसायची सवयही एकच. पण मासे कापून झाल्यावर आडाळो धुतल्याशिवाय खोबरं खवता येत नाही, आणि घरात चाळीस पानं उठायची असली की शेजारचा आडाळो मागून आणावा लागतो. बहुउद्देशीय विमानाचं बहुतेक सगळं गणित यात आलं. उरलेलं आता सांगतो.

एकाच विमानाकडून अनेक कामं घेणं नवीन नाही. आमच्या सी हॅरियरचं पूर्ण नाव सी हॅरियर एफआरएस मार्क ५१. एफ म्हणजे लढाऊ, आर म्हणजे टेहळणी, एस म्हणजे जमिनीवर किंवा जहाजावर मारा. तिन्ही कामं नावातच लिहिलेली. स्वीडनच्या ग्रिपेनच्या आधी जेएएस लावतात, त्याचाही अर्थ त्यांच्या भाषेत हाच. १९८३ पासून २०१६ पर्यंत हॅरियर आपल्याकडे होतं आणि विमानवाहू जहाजावर दुसरं जेट लढाऊ विमान बराच काळ नव्हतंच. लहान जहाजावर प्रत्येक कामासाठी वेगळी जात ठेवायला जागा कुठली? समुद्रावर हा फायदा सगळ्यात मोठा. एका जातीचं विमान म्हणजे एका जातीचं इंजिन, एका जातीचे सुटे भाग, एका जातीची हत्यारं आणि एकच शिकवलेली माणसं.

आता फायद्याचं सगळ्यात लख्ख उदाहरण. १७ जानेवारी १९९१, आखाती युद्धाचा पहिला दिवस. अमेरिकी नौदलाची एफ/ए-१८ हॉर्नेट विमानं इराकच्या एका हवाईतळावर बॉम्ब टाकायला निघाली होती. प्रत्येकाच्या पंखाखाली सुमारे ९०० किलोचे चार बॉम्ब. वाटेत दोन इराकी मिग-२१ समोर आली. जुन्या काळातलं बॉम्बर असतं तर बॉम्ब समुद्रात किंवा वाळवंटात टाकून पळालं असतं, किंवा सोबतच्या लढाऊ विमानांची वाट बघत बसलं असतं. या पायलटांनी एका बटणाने रडार आणि हत्यारांची यंत्रणा हवाई लढाईच्या स्थितीत आणली, दोन्ही मिग पाडली, आणि मग तेच बॉम्ब घेऊन लक्ष्यावर गेले. बॉम्ब लटकलेले असताना लढाई जिंकली. सोबत वेगळं संरक्षक विमान लागत नाही, म्हणजे तेवढी कमी विमानं शत्रूच्या हद्दीत धाडावी लागतात.

पण याच दिवसाची दुसरी बाजू सहसा कोणी सांगत नाही. त्याच स्क्वाड्रनचं एक हॉर्नेट पहिल्याच रात्री पडलं, आणि ते पाडलं मिग-२५ ने. मिग-२५ चा तो प्रकार एकाच कामासाठी बनवलेला: प्रचंड वेगाने वर जायचं, क्षेपणास्त्र सोडायचं, निघून जायचं. त्याला वळण धड घेता येत नाही, बॉम्बफेक त्याचं काम नाही. पण त्याच्या एका कामात, योग्य क्षणी, ते सगळं येणाऱ्या विमानाला भारी पडलं. एकाच स्क्वाड्रनने एकाच दिवसात दोन्ही धडे घेतले.

आता विमानाच्या अंगात तडजोड कुठे होते ते बघ. पंखापासून सुरू कर. आपल्या हवाईदलाचं जग्वार हे जमिनीलगत उडून मारा करायला बनवलेलं. त्याच्या पंखाचं क्षेत्रफळ सुमारे २४ चौरस मीटर. मिराज-२००० चा पंख सुमारे ४१ चौरस मीटर, आणि भरलेल्या विमानाचं वजन मात्र दोघांचं फार वेगळं नाही. लहान पंखावर जास्त भार असला की खालच्या उकळत्या हवेत विमान कमी हेलकावतं, पायलटला नेम धरता येतो. मोठ्या पंखाचं विमान तिथे पावसाळ्यातल्या होडीसारखं आपटत राहतं. उलट वर, विरळ हवेत वळायचं असेल तर मोठा पंखच हवा. दोन्ही एका पंखात बसत नाहीत. इंजिनाला हवा नेणाऱ्या तोंडाचंही तसंच. खूप वेग हवा तर ते तोंड हलतं ठेवावं लागतं, त्याने वजन आणि दुरुस्ती वाढते. राफेलने ते स्थिर ठेवलं आणि वेग ध्वनीच्या सुमारे १.८ पटीवर थांबवला. मला हा निर्णय योग्य वाटतो. दोनपटीच्या वर विमान फार क्वचित जातं, आणि न हलणारा भाग बिघडत नाही.

मग हे जमलं कसं? माझ्या मते विमानापेक्षा बॉम्बमध्ये क्रांती झाली, म्हणून. कारगिलचं आठव. मिराज-२००० आपण १९८५ पासून घेतलं ते मुख्यतः पाकिस्तानच्या एफ-१६ ला तोंड द्यायला, म्हणजे हवाई लढाईसाठी. १९९९ मध्ये कामगिरी आली ती डोंगरमाथ्यावरचे तंबू आणि बंकर फोडायची. १७ जूनला मुंथो ढालो इथल्या पाकिस्तानी तळावर त्यांनी साधे बॉम्ब टाकले. त्याच सुमारास लायटनिंग पॉड आणि लेझरने दिशा मिळणारे बॉम्ब घाईने विमानाला जोडले गेले आणि २४ जूनला टायगर हिलवर पहिला लेझर बॉम्ब पडला. पॉड म्हणजे विमानाच्या पोटाखाली लावलेला कॅमेरा आणि लेझर असलेला लांबट डबा. त्या डब्यामुळे विमानाला खाली उतरायची, त्या उकळत्या हवेत शिरायची गरजच राहिली नाही. वरूनच नेम. जो मोठा पंख जमिनीलगत अडचणीचा होता, तो आता अडचणीचा उरला नाही. पुढे २६ फेब्रुवारी २०१९ ला बालाकोटला तीच मिराज स्पाइस नावाचे नेमके लक्ष्यावर जाणारे बॉम्ब घेऊन गेली. विमान १९८५ चं, काम २०१९ चं. आधुनिक बहुउद्देशीय विमानाची ही ताकद मला सगळ्यात मोलाची वाटते: आज जे काम माहीतही नाही, ते दहा वर्षांनी त्याला शिकवता येतं. आमच्या हॅरियरलाही उतारवयात इस्रायली एल्टा रडार आणि डर्बी क्षेपणास्त्र बसवलं, आणि तोवर हवाई लढाईत फक्त डोळ्यांना दिसेल तेवढ्या अंतरावर लढणारं विमान नजरेपलीकडच्या विमानावर मारा करू लागलं.

रडारचंही सांगितलं पाहिजे. जुन्या रडारची थाळी यंत्राने फिरायची. ती एक तर आकाश बघणार, नाही तर जमीन. राफेल किंवा तेजस मार्क-१ए च्या रडारमध्ये थाळी फिरतच नाही, शेकडो छोटे प्रक्षेपक असतात आणि किरण विजेच्या वेगाने दिशा बदलतो. त्यामुळे एकाच वेळी खालचा नकाशाही दिसतो आणि वरचं विमानही. "एका वेळी एकच काम" ही मर्यादा इथे खरोखर ढिली झाली आहे.

पण पंखाखालची मर्यादा ढिली झालेली नाही. माहितीपत्रकात तू वाचतोस: इतका वेग, इतका पल्ला, इतका भार. तिन्ही आकडे एकत्र वाचू नकोस. वेग मोकळ्या विमानाचा असतो, पल्ला टाक्या लावलेल्या विमानाचा आणि भार बॉम्ब लादलेल्या विमानाचा. राफेल बाहेरून साडेनऊ टन उचलतं हे खरं. पण लांब जायचं म्हणून २,००० लिटरच्या तीन टाक्या लावल्या, तर त्यातलं इंधनच जवळजवळ पावणेपाच टन होतं. निम्मा भार तिथेच संपला. शिवाय बाहेर लटकलेली प्रत्येक वस्तू हवेला अडवते आणि रडारवर दिसते.

आता माझ्या कामाकडे येतो. विमानाची भूमिका बदलण्याला आम्ही रोल चेंज म्हणायचो. विराटवर एका सरावातली रात्र मला स्पष्ट आठवते. मे महिना, डेकवर उभं राहिलं तरी बूट तापलेले. चार हॅरियर हवाई संरक्षणासाठी तयार होती: बाहेरच्या दोन पायलनवर, म्हणजे पंखाखाली हत्यारं टांगायच्या खुंट्यांवर, मॅजिक ही हवाई लढाईची क्षेपणास्त्रं, आतल्या दोनवर इंधनाच्या टाक्या. आदेश आला की दोन विमानं जहाजविरोधी माऱ्यासाठी तयार करा. म्हणजे टाक्या काढायच्या, सहाशे किलोच्या आसपास वजनाचं सी ईगल क्षेपणास्त्र ट्रॉलीवरून आणून पायलनला चढवायचं, जोडण्या तपासायच्या, पायलटच्या पडद्यावर ते 'दिसतं' का बघायचं, लाल फितीच्या सेफ्टी पिना मोजायच्या. डेक हलतंय, वारा आहे, अंधार आहे. एका विमानात क्षेपणास्त्र लावलं तरी यंत्रणेला ते दिसेना. जोडणीच्या एका तांब्याच्या पिनेवर हिरवट थर बसला होता. ती साफ करून, पुन्हा बसवून, पुन्हा तपासून होईपर्यंत सरावातला 'शत्रू' आपलं काम करून गेला होता. त्या सगळ्या वेळात ती दोन विमानं ना संरक्षणाची होती, ना माऱ्याची. कागदावर मात्र ती दोन्ही रकान्यांत मोजलेली होती.

खाऱ्या वाऱ्याचं तुला सांगायला नको. आपल्या घरावरचा पत्रा किती वर्षं टिकतो ते तू बघतोस. डेकवरचं विमान त्याच वाऱ्यात, त्याहून जवळून राहतं. गोड्या पाण्याने धुणं, इंजिन धुणं, गंजरोधक लावणं हे रोजचं. विमान जितक्या प्रकारची हत्यारं उचलतं, तितके पायलन, तितक्या जोडण्या, तितक्या पिना खाऱ्या हवेला तोंड देतात. बहुउद्देशीयपणाची किंमत दुरुस्तीच्या तासांत मोजतात ती अशी. महालेखापरीक्षकांच्या २०१६ च्या अहवालात मिग-२९के विमानांची उपलब्धता १५.९३ ते ३७.६३ टक्के नोंदली गेली. इंजिनापासून सुट्या भागांपर्यंत त्याची कारणं अनेक होती, पण हँगरमध्ये उभं असलेलं विमान कोणत्याच उद्देशाचं नसतं.

डेकचा आणखी एक जाच आहे. विक्रमादित्य आणि विक्रांत या आपल्या दोन्ही विमानवाहू जहाजांवरून विमान पुढच्या चढणीवरून उडी घेऊन निघतं. अमेरिकी जहाजांसारखं वाफेने किंवा विजेने फेकणारं यंत्र नाही. त्यामुळे पूर्ण इंधन आणि पूर्ण हत्यारं एकत्र घेऊन निघता येत नाही, काही तरी कमी करावं लागतं. परत येतानाही वजनाची मर्यादा असते. न वापरलेली महागडी हत्यारं घेऊन उतरता आलं नाही तर ती समुद्रात सोडावी लागतात. हॅरियरला तर उभं उतरायचं असायचं, आणि गोव्याच्या उकाड्यात इंजिनाचा जोर घटायचा, त्यासाठी इंजिनात पाणी फवारायची सोय होती. जमिनीवरच्या विमानाचे आकडे समुद्रावर तसेच्या तसे लागू होत नाहीत.

एकाच विमानात सगळं कोंबायचा अतिरेक झाला की काय होतं, याचे दोन-तीन दाखले पुरेसे आहेत. युरोपातल्या टोर्नेडोचं मूळ नावच बहुउद्देशीय लढाऊ विमान असं होतं, तरी शेवटी माऱ्यासाठी वेगळं आणि हवाई संरक्षणासाठी वेगळं असे दोन प्रकार बनवावे लागले. अमेरिकेत १९६० च्या दशकात हवाईदल आणि नौदलाला मिळून एफ-१११ द्यायचं ठरलं. नौदलाची आवृत्ती जहाजासाठी इतकी जड झाली की १९६८ मध्ये ती सोडून दिली. एफ-३५ या अमेरिकी लढाऊ विमानाचेही तीन प्रकार आहेत, आणि तिघांतले सामाईक भाग ठरवले होते त्यापेक्षा खूपच कमी निघाले.

एफ-३५ चं एक दर्शन आपल्याच किनाऱ्याने घेतलं. ब्रिटिश नौदलाचं एफ-३५बी १४ जून २०२५ ला तिरुवनंतपुरमला उतरलं आणि हायड्रॉलिक यंत्रणेतल्या बिघाडामुळे २२ जुलैपर्यंत तिथेच राहिलं, भर पावसाळ्यात. ब्रिटनहून खास तंत्रज्ञ आणि साहित्य आणावं लागलं. लोकांनी त्यावर चित्रं काढली, जाहिराती केल्या. मला मात्र त्या तंत्रज्ञांचं काम डोळ्यांसमोर येत होतं. विमान जितकं जास्त करतं, तितकी त्याला हात लावू शकणारी माणसं कमी, आणि घरापासून लांब गेल्यावर हाच त्याचा सगळ्यात कच्चा दुवा.

पायलटबद्दल मी अधिकाराने बोलू शकत नाही, पण वर्षानुवर्षं त्यांना शिडीवर चढवलं आणि उतरवलं आहे. वर्षाकाठी उड्डाणाचे तास मोजके असतात. त्यातले काही हवाई लढाईला, काही बॉम्बफेकीला, काही जहाजविरोधी सरावाला, काही रात्रीच्या डेकवर उतरण्याला. प्रत्येक वाट्याला थोडे येतात. एकाच कामाच्या स्क्वाड्रनचा पायलट त्या कामात जितका मुरतो, तितकं मुरणं इथे अवघड असतं. सिम्युलेटरने हे बरंच सावरलं आहे. तरीही दोन आसनी सुखोई-३० एमकेआयमध्ये मागच्या माणसाला हत्यारं आणि रडार सांभाळू देण्यात किती अर्थ आहे, हे एकट्याने सगळं सांभाळणाऱ्या पायलटचा घामेजलेला चेहरा बघितल्यावर कळतं.

आता तुझा तिसरा प्रश्न. एप्रिल २०२५ मध्ये भारताने २६ राफेल एम चा करार केला. त्यातली २२ एक आसनी आणि ४ दोन आसनी. दोन आसनी विमानं प्रशिक्षणासाठी आहेत, डेकसाठी नाहीत. म्हणजे डेकसाठी २२. त्यातली एक तृतीयांश दुरुस्तीत किंवा मोठ्या तपासणीत धरली तर पंधरा उरतात. जहाजावर सतत दोन विमानं हवेत ठेवायची असतील तर किमान सहा लागतात: दोन वर, दोन जा-ये करणारी, दोन तयार होणारी. हवेत इंधन द्यायला त्याच जातीची दोन काढली, कारण समुद्रावर दुसरा टँकर नाही. माऱ्याला उरली सात. हा माझा हिशेब आहे, नौदलाचा नव्हे, पण तू स्वतः आकडे बदलून करून बघ. प्रत्येक विमान सगळं करू शकतं म्हणून बावीस विमानं चव्वेचाळीस होत नाहीत. अमेरिकी नौदलात सुपर हॉर्नेटांचं बरंच आयुष्य एकमेकांना इंधन पाजण्यात जातं, म्हणूनच ते एमक्यू-२५ हे चालकरहित टँकर विमान बनवत आहेत.

दुसरा धोका सगळी भिस्त एका जातीवर ठेवण्याचा. जानेवारी २०२५ मध्ये पोरबंदरला तटरक्षक दलाचं ध्रुव हेलिकॉप्टर कोसळलं, आणि तिन्ही सेनादलांची आणि तटरक्षक दलाची ध्रुव एकदम जमिनीवर उभी राहिली. एक दोष, आणि चार दलांचं काम अडलं. लढाऊ विमानात असा दोष निघाला तर संरक्षण, मारा, टेहळणी आणि हवेतलं इंधन हे सगळं एकाच दिवशी थांबेल.

म्हणून माझं उत्तर असं. लढाऊ विमानाच्या कामांपुरतं बोलायचं तर डेकवर एकच जात ठेवणं बरोबर आहे, आणि राफेल एम त्यासाठी चांगली निवड आहे. २०२२ च्या सुरुवातीला हंसावरच्या चढणीवरून त्याच्या चाचण्या झाल्या आणि ते चढणीवरून निघू शकतं हे तिथेच सिद्ध झालं. त्याचे पंख मात्र मिग-२९के सारखे दुमडत नाहीत, त्यामुळे हँगरमध्ये आणि लिफ्टवर जागेची ओढाताण होणार. ती सोसावी लागेल. पण दूरवर बघणं आणि पाणबुडी शोधणं ही कामं त्याच्या माथी मारू नयेत. लढाऊ विमानाचं रडार समोर बघतं, चारी बाजूंना नाही. त्यासाठी पोटाखाली फिरतं रडार असलेलं कामोव्ह-३१ हेलिकॉप्टर लागतं, आणि समुद्रभर तासन् तास फिरायला अरक्कोणम आणि गोव्याहून निघणारं पी-८आय हे टेहळणी विमान. ती नसतील तर राफेल नुसतं शोधण्यातच इंधन जाळेल. मिग-२९के ही लगेच काढून टाकू नयेत. राफेल २०२८ पासून यायला लागतील, २०३० पर्यंत पूर्ण होतील, आणि तोवर दोन जातींचे सुटे भाग सांभाळण्याचा त्रास हा एकाच जातीच्या एका दोषापेक्षा स्वस्त आहे.

आणि तू यंत्राच्या बाजूने यायचं म्हणतोस, तर तुझ्या पॉलिटेक्निकमध्ये विजेच्या जोडण्या आणि गंज या दोन विषयांना कंटाळू नकोस. पुढच्या महिन्यात सुट्टीला आलास की माझ्याकडे ये. अशा जोडणीची एक जुनी पिन माझ्याकडे अजून आहे, भिंगाखाली दाखवतो.